शाळेचे दिवस कागदावर उतरवताना

हायस्कूलच्या जुन्या बॅचचा मेळावा ठरला की स्मरणिका, जुने फोटो, सरांची मुलाखत असं सगळं एकदम निघतं. या वेळी निवडलेले प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न : आमची बॅच १९८५ची. स्मरणिकेसाठी चाळीस जणांकडून 'शाळेच्या आठवणी' मागवल्या. आलेले लेख एकाच साच्यातले : 'ते सोनेरी दिवस', 'संस्कारांची शिदोरी', 'गुरुजनांचे ऋण'. खरं काही बाहेर येतच नाही. काय करावं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : लिहिणाऱ्यांना दोष देऊ नका, तुमची मागणीच फार मोठी आहे. 'शाळेच्या आठवणी' म्हटलं की निरोप समारंभातलं भाषण आठवतं आणि तेच कागदावर येतं. विषय लहान करा, जागेपुरता करा.

प्रत्येकाला एक कोरा कागद आणि शिसपेन घेऊन शाळेचा नकाशा काढायला सांगा. सुरुवात फाटकापासून. घंटा कुठे टांगलेली होती, ती पितळी थाळी होती की रेल्वेच्या रुळाचा तुकडा? पाण्याच्या टाकीला नळ किती आणि त्यातले चालू किती? सायकली कुठे लावत? शिक्षकांच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडायचं? प्रमाण चुकलं तरी हरकत नाही. नकाशा काढताना हात कुठेतरी थबकतो, कुठेतरी नको तेवढं तपशिलात शिरतो. अशा ठिकाणी फुली मारायची.

मग त्यातली एकच फुली निवडून वीस मिनिटं सलग लिहायचं. तिथे कोण उभं असायचं, ऐकू काय यायचं, पायाखाली फरशी होती की शेणानं सारवलेली जमीन, हातात काय होतं. अडीचशे शब्दांच्या वर जायचं नाही. 'सर फार प्रेमळ होते' या वाक्यावर संपादकानं लाल पेनानं एवढंच विचारावं : 'कशावरून?' मग खालून येतं की खडूचा तुकडा बोटाच्या पेराएवढा उरला तरी सर तो टाकत नसत, शर्टाच्या खिशात ठेवत, आणि आठवड्याच्या शेवटी त्या खिशाची कड पांढरी झालेली असे. हे वाक्य छापण्याजोगं आहे. 'प्रेमळ' हा शब्द मग लागतही नाही.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. लेख हातात पडेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवणींची चर्चा सुरू करू नका. चर्चेत जो ठामपणे सांगतो त्याचं सगळ्यांना 'आठवायला' लागतं, आणि आठ दिवसांनी आपलं कुठलं नि त्याचं कुठलं हे कुणालाच वेगळं काढता येत नाही. आधी सुटं सुटं लेखन, त्यावर तारीख, मग गप्पा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही शेजारी शेजारी छापा. ज्या पानावर दोन माणसं एकाच प्रसंगाचं वेगवेगळं सांगतात, ते पान वाचक दोनदा वाचतो.

आता तपासणी. साधारण दहा ते तीस या वयातलं माणसाला पुढे आयुष्यभर जास्त आठवतं, पण म्हणून तारखा बरोबर असतात असं नाही. चित्र खरं असतं, त्याला चिकटवलेला दिवस चुकतो. तुमच्याच बॅचचं उदाहरण घ्या. इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ची. तेव्हा तुम्ही दहावीत. 'भूगोलाचा तास चालू होता आणि शिपाईमामा बातमी घेऊन आले' असं कुणी लिहिलं तर थांबा. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, म्हणजे राज्यातल्या बहुतेक शाळांना दिवाळीची सुट्टी असणार. तो जादा तास असेल, किंवा शिकवणी, किंवा सुट्टीनंतरच्या शोकसभेची आठवण त्या दिवसावर सरकली असेल. लिहिणाऱ्याला फोन करून विचारा, वाक्य परस्पर खोडू नका. स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ प्रयोगशाळेचंही तसंच. ती पडली ११ जुलै १९७९ला, आणि आपल्याकडे तेव्हा रात्र होती. वर्गाच्या खिडकीतून आभाळाकडे बघत बसल्याची आठवण असेल तर ती आदल्या दिवसांच्या धास्तीची आहे. ती खोटी नाही, फक्त 'पडली तेव्हा' हे शब्द काढावे लागतील.

तुमच्याहून आधीच्या बॅचच्या स्मरणिकांमध्ये हमखास होणारी चूक : महाराष्ट्रात नव्या आराखड्याची पहिली दहावीची बोर्डाची परीक्षा मार्च १९७५मध्ये झाली. त्याआधी शालान्त परीक्षा अकरावीला असे. १९७२ सालच्या बॅचच्या पानावर 'दहावी बोर्ड' छापलेलं दिसलं की वर्ष किंवा इयत्ता यातलं एक काहीतरी चुकलंय हे नक्की.

प्रश्न : वर्गाचा एकमेव ग्रुप फोटो फ्रेममध्ये आहे. काचेला चिकटला आहे. सोडवायचा कसा? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : सोडवायचा नाही. चिकटलेला भाग ओढला की चेहरे काचेवर राहतात आणि हातात पांढरा कागद येतो.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात तो दमट हवा शोषून फुगतो, मऊ होतो, काचेला टेकतो आणि हवा कोरडी झाली की तिथेच वाळून बसतो. कोकणात हे दरवर्षी थोडं थोडं होत जातं. पाण्यात भिजवणं, हेअर ड्रायर, पातळ सुरी, फ्रीझर हे सगळे घरगुती उपाय फोटो घालवणारे आहेत. मागचा पुठ्ठा आणि खिळे सांभाळून काढा, फोटो काचेसकट राहू द्या आणि काचेतूनच त्याची प्रत घ्या.

काच बाहेरून कोरड्या सुती फडक्यानं पुसा. क्लीनर थेट काचेवर फवारू नका, कडेनं आत झिरपतो. फ्रेम टेबलावर सपाट ठेवा. ढगाळ दिवशी खिडकीचा उजेड उत्तम. दिवे वापरायचे तर दोन्ही बाजूंनी एकसारखे, साधारण ४५ अंशांच्या कोनातून. फ्लॅश बंद. काचेत मोबाइलचं आणि तुमचं प्रतिबिंब पडतं, म्हणून काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढा. मोबाइल फोटोच्या अगदी जवळ नेला तर कडेचे चेहरे ताणले जातात. तीन फुटांवरून दुप्पट झूमवर घ्या, तोही दोन सेकंदांचा टायमर लावून. आधी पूर्ण फोटो, मग चार-पाच तुकडे, शेजारच्या तुकड्यात थोडा भाग सामाईक येईल असे.

प्रश्न : आमचा फोटो सुटा आहे, १० × १२ इंचांचा. स्कॅन किती डीपीआयवर करावा? दुकानदार म्हणतो ३०० पुरे. (एक वाचक, परभणी)

उत्तर : डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके (पिक्सेल) टिपतो ते. एका माणसाच्या पासपोर्टसारख्या फोटोला ३०० पुरेल. वर्गाच्या फोटोत चेहरा जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो. ३०० डीपीआयवर त्याला ११८ पिक्सेल मिळतात, ६०० वर २३६. ओळख पटणं आणि न पटणं यातलं अंतर तेवढंच असतं. ६००च सांगा. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा आणि टिफ (तपशील न गमावणारी) फाइल मागून घ्या. ती साधारण १३० एमबीची होईल. जेपीईजी प्रत वाटायला वेगळी.

१० × १२चा फोटो ए-४ स्कॅनरच्या काचेवर मावत नाही. दोन भागांत स्कॅन करून जोडावा लागतो, मध्ये दोन इंच सामाईक ठेवून. दुकानदारानं कोपरे दुमडून बसवायचा प्रयत्न केला तर फोटो परत घ्या.

नावं फोटोवर किंवा फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. टोकाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही पाझरते. चकचकीत प्लॅस्टिक थराच्या कागदावर शिसपेन टिकत नाही, म्हणून नावांचा कागद वेगळा करा. स्कॅनची प्रिंट काढून प्रत्येक चेहऱ्यावर आकडा घाला आणि रांगेनुसार यादी करा : जमिनीवर बसलेले, खुर्चीवर बसलेले, उभे पहिली रांग, उभे दुसरी रांग. 'डावीकडून' म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हेही त्यावर लिहून ठेवा. मुलींची नावं शाळेतल्या आडनावानं, मग आत्ताचं आडनाव. शेवटी 'फोटोच्या दिवशी गैरहजर' अशी एक ओळ कधीही विसरू नका. ज्याचं नाव कुठेच नसतं तो मेळाव्याला येतो आणि ते पान उलटसुलट करून पाहतो.

प्रश्न : सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा केलेत. चालतील ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मोबाइलवर बघायला चालतील. छपाईला नाही. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान होतो. छपाईचे ३०० डीपीआय धरले तर सव्वापाच इंच. एका माणसाचा फोटो निभेल, पण वर्गाच्या फोटोत एकेका चेहऱ्याला पन्नासच्या आसपास पिक्सेल उरतात. 'डॉक्युमेंट' म्हणून परत पाठवायला सांगा.

मजकुराचंही एक सांगून ठेवतो. छापखान्यात युनिकोड (म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तसा) मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवतात तेव्हा 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'गोऱ्हे' यातला अर्धा र तुटतो किंवा चौकोन होतो. प्रूफ वाचताना 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' वेगळे शोधून काढा. आणि आडनावं त्या त्या माणसाकडूनच तपासून घ्या. पानांची संख्या आठच्या पटीत धरली की कागद वाया जात नाही.

प्रश्न : दहावीच्या निरोप समारंभातली ऑटोग्राफची वही आहे. शाई इतकी फिकी झालीय की वाचता येत नाही. लॅमिनेट करून घेऊ का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : कृपा करून नको. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचे जातात, मागे फिरायला वाट राहत नाही. सेलोटेपही नको. तो पिवळा पडून गळतो, डाग मात्र राहतो.

फाउंटन पेनची धुता येणारी निळी शाई उजेडात आणि दमटपणात उडते. पण डोळ्याला न दिसणारं बरंचसं अजून तिथे असतं. पान रंगीत स्कॅन करा, ग्रे नाही. मग कुठल्याही फोटो अ‍ॅपमध्ये लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा थर) तेवढा वेगळा काढा, किंवा कृष्णधवल करताना लाल फिल्टर निवडा. निळी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून लाल चॅनलमध्ये ती गडद दिसते आणि पिवळा पडलेला कागद जवळजवळ पांढरा होतो. पुसट 'विसरू नकोस'च्या खालची सही पुष्कळदा अशी वाचता येते. शिसपेननं लिहिलेलं असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च पानाला जवळजवळ आडवी धरा, दाबाची खाच सावलीनं उठून दिसते.

वही सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात नको, माळ्यावर नको. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर पावसाळ्यात त्या तपासत राहा.

प्रश्न : आमच्या मराठीच्या बाई ८८ वर्षांच्या आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचंय. (एक वाचक, धुळे)

उत्तर : आधी घरच्यांशी बोलून बाईंची वेळ विचारा. बहुतेक वृद्धांना सकाळी दहा-साडेदहा बरं पडतं. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. चौघांनी जाऊ नका, दोघं जा : एक बोलणारा, एक लिहून घेणारा. बाईंना कमी ऐकू येत असेल तर समोर उजेडात बसा, त्यांना तुमचे ओठ दिसले पाहिजेत.

मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या रुमालावर त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. उघड्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक खडखडाट त्यात येतो. पंखा बंद करता आला तर करा. नाही जमलं तर मोबाइल पंख्याखालून बाजूला घ्या. स्वयंपाकघरात कुकर चढलेला नाही हे आधीच बघा. सुरुवातीला बाईंची परवानगी रेकॉर्डिंगमध्येच घ्या आणि तारीख, गाव बोला. तीस सेकंद रेकॉर्ड करून ऐकून पाहा, मगच पुढे जा.

'शाळेबद्दल काही सांगा ना' असं विचारू नका. पहिला पगार हातात कसा पडायचा, पेपर तपासायला कुठे बसायच्या, पन्नास वह्यांचा गठ्ठा घरी कशातून न्यायच्या, वर्गात शिरल्यावर आधी कुणाकडे नजर जायची, असं विचारा. त्यांनी एखादं नाव चुकीचं सांगितलं तर दुरुस्त करू नका, वहीत टिपून ठेवा. आणि त्या थांबल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहापर्यंत मोजा. पुष्कळदा खरं बोलणं त्या थांबण्यानंतर येतं.

घरी परतताच फाइल दोन ठिकाणी उतरवा आणि एक प्रत बाईंच्या घरच्यांना द्या.

प्रश्न : एका शिक्षकांनी आम्हाला फार मारलं. स्मरणिकेत लिहावं का? संपादक मंडळ नको म्हणतंय. (एक वाचक, पुणे)

उत्तर : लिहावं. काय घडलं तेवढं लिहा : कुठल्या तासाला, कशानं, किती, कोण बघत होतं, घरी सांगितलं का. शिक्षक हयात नसतील तर त्यांना बाजू मांडता येणार नाही, म्हणून नाव वगळा. विषयावरून ओळख पटत असेल तर विषयही वगळा. 'पण त्यामुळेच आम्ही घडलो' ही ओळ मंडळानं शेवटी जोडायला सांगितली आणि ती तुमच्या मनात नसेल, तर जोडू नका.

प्रश्न : अठरा जणांचा पत्ताच लागत नाही. शाळेकडून यादी मिळेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जनरल रजिस्टर शाळा कायम जपून ठेवते. त्यात नाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि दाखला कधी नेला याची नोंद असते. पण त्यात जातीसकट खासगी माहिती असते, त्यामुळे आख्खं पान मागू नका आणि मिळालं तरी ग्रुपवर टाकू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या : बॅचचं वर्ष, तुकडी, तुमच्या दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक, आणि फक्त नावं व गावं पडताळून हवीत असं स्पष्ट लिहा. तुमच्या क्रमांकाच्या पुढेमागे त्याच वर्षी प्रवेश घेतलेल्यांच्या नोंदी असतात, त्यामुळे कारकुनाचा शोध सोपा होतो. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांची आणि जूनमध्ये प्रवेशांची गर्दी असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर जा.