परदेशात हॉटेलात टिप किती द्यायची? जेवणाचा खर्च कसा धरायचा?

आपल्या कोल्हापुरात मिसळीला कट परत मागितला तर कुणी पैसे लावत नाही, आणि बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले की झालं. अमेरिकेत हा हिशेब विसरा. मेनूवरच्या आकड्यावर टॅक्स वेगळा, शिवाय टिप १५ ते २० टक्के. म्हणजे ४० डॉलरचं जेवण ५० च्या घरात जातं. कंजुषी नको, टिपवाल्या वेटरचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलंय. कार्डाच्या पावतीवर टिपची ओळ असते, तिथं आकडा आपणच लिहायचा. मी पहिल्यांदा ती कोरीच सोडली. वेटर दारापर्यंत बघत राहिला!

फ्रान्समध्ये सेवाशुल्क किमतीतच असतं. वर एक-दोन युरो ठेवले तर ठेवले. पाणी मागताना 'काराफ दो' म्हणा, नळाचं फुकट मिळतं. नुसतं पाणी म्हणालात तर बाटली येते, तिचे पैसे पडतात. इटलीत बिलावर 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका, तो माणशी आकार असतो. लंडनमध्ये बऱ्याचदा १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, बिल वाचून घ्या.

जपानात मात्र टिप ठेवूच नका. विसरलात समजून पोरगं पैसे घेऊन मागं पळत येईल.