धर्म शिकवणे आणि धर्मांविषयी शिकवणे

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. वेरूळच्या सहलीत मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मी नंतर वर्गात दिली, तेव्हा एका पालकांनी ‘शाळेत धर्म शिकवू नका’ अशी तक्रार केली. मुलांना धर्मसाक्षर करणे म्हणजे नेमके काय? ते शाळेचे काम आहे का?

उत्तर : पालकांची काळजी निराधार नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासनाच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र एखाद्या धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) फरक केला होता, आणि २००२ साली शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांच्या अभ्यासाला संविधानाची आडकाठी नसल्याचे सांगितले. आपण वर्गात आरती, नमाज किंवा वंदना म्हणून घेतली असती, तर तक्रार योग्य ठरली असती.

वेरूळचे दहावे लेणेच घ्या. तेथे स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेले बुद्ध आहेत, आणि छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी कोरल्या आहेत. त्यामुळे लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणत आले, आणि सुतारांनी त्या मूर्तीला विश्वकर्मा मानून हात जोडले. हे चैत्यगृह बौद्धांनी उपासनेसाठी कोरवले हे ज्याला समजते, आणि सुतारांच्या भक्तीचीही जो टिंगल करत नाही, तो विद्यार्थी धर्मसाक्षर. सणांची आणि फराळाची यादी पाठ करून ही समज येत नाही.

नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मराठीच्या तासाला त्यांचा अभंग शिकणाऱ्या मुलाला, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि जवळच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात येणारे शीख त्यांना ‘भगत नामदेव’ म्हणतात, हे ठाऊक नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिकवताना ‘वारकरी असे मानतात’, ‘मुसलमानांची अशी श्रद्धा आहे’ अशीच वाक्यरचना ठेवावी, म्हणजे शिक्षकाचे स्वतःचे मत मुलांवर लादले जात नाही. एकाच धर्मातही पंथ आणि मतभेद असतात हे सांगावे. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य कितीही सद्भावनेने म्हटले, तरी त्याने समजून घेण्याचे काम अर्धवट राहते. आणि वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम, जैन किंवा ख्रिस्ती मुलाला उभे करून त्याच्या धर्माचा खुलासा मागू नये. ते बारा वर्षांचे लेकरू आहे, धर्माचा प्रवक्ता नव्हे.

तक्रार करणाऱ्या पालकांना शाळेत बोलावून मुलांच्या वह्या दाखवा, आणि शक्य झाल्यास पुढच्या अशा तासाला त्यांना मागच्या बाकावर बसवून घ्या.