वाचक विचारतात: पडद्यावरचं 1984

प्रश्न: आमची 12 मिनिटांची फिल्म 1984 साली खानापूर तालुक्यातल्या एका मराठी घरात घडते. वडील कंदिलाच्या उजेडात ट्रंक उपसून जमिनीचा सात-बारा शोधतात, जेवताना भांडण होतं, माठ फुटतो. पैसे थोडे आहेत. वस्तूंची सुरुवात कुठून करावी?
– एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर: पटकथेत पात्राचा हात ज्या वस्तूला लागतो, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. तुमच्याकडे उतारा, कंदील, भाकरी आणि माठ निघतील. पैसा आणि वेळ आधी यांच्यावर घालवा. बाकी घर सजवण्यापेक्षा आवरावं लागतं: चार्जर, एलईडी बल्ब, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, भिंतीवरचा मोबाइल नंबर.

सगळ्यात जास्त चुका कागदावर होतात. खानापूर कर्नाटकात आहे, त्यामुळे घरात मराठी बोलली जात असली तरी सरकारी कागद कन्नडच हवा. आपल्याकडे त्याला उतारा किंवा पहाणी म्हणतात, म्हणून संवादातला ‘सात-बारा’ काढा. तेव्हा तो हाताने लिहिला जाई. संगणकाच्या फाँटमधला कागद लगेच खोटा वाटतो. कन्नडचं वळण असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून तो लिहून घ्या. विजेचं बिल दिसणार असेल तर केईबीचं, म्हणजे तेव्हाच्या कर्नाटक वीज मंडळाचं हवं. हेस्कॉम ही आजची वीज कंपनी 2002 नंतरची. शहराचं नाव ‘बेळगाव’च, ‘बेळगावी’ 2014 पासून. नोटा दिसल्या तर 100 च्या वर जाऊ नका. 500 ची नोट 1987 मध्ये आली. नोटेसारखी छपाई मात्र करू नका, तो गुन्हा आहे.

भिंतीला 2012 चं कॅलेंडर चालेल, त्याचे वार 1984 शी तंतोतंत जुळतात. तिथी आणि सण जुळत नाहीत, त्यामुळे कॅलेंडर लांबूनच दाखवा.

माठ खानापूरच्या कुंभारांकडून एकाच मापाचे पाच घ्या: एक तालमीला, तीन टेकला (शॉटच्या प्रत्येक प्रयत्नाला एक), एक राखीव. कोरा माठ जुन्या घरात लालभडक उठून दिसतो. वापरातल्या माठाच्या बुडाशी क्षारांचे पांढरट डाग असतात. चुन्याची पातळ निवळी बोळ्याने टिपून ते आणा, आणि पाचही माठांवर सारख्याच जागी. फुटण्याचा शॉट त्या खोलीत सर्वांत शेवटी घ्या, कारण सारवलेली जमीन एकदा भिजली की आधीच्या शॉटशी जुळत नाही.

भाकरीचा हिशेब टेकवर करा. तीन कोनांतून प्रत्येकी चार टेक म्हणजे 12 भाकरी, वर दोन जादा. ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर तासाभरात वातड होतात आणि नटाला तोडताना झटापट करावी लागते.

कंदिलाच्या दोन काचा जवळ ठेवा. वातीचे कोपरे कातरून गोल करा. वात वाकडी कापली की ज्योत एका बाजूला चढते, काच काजळते आणि टेकगणिक उजेड बदलतो.

प्रश्न: उतारा जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवला. शाई पसरली, कागद सुरकुतला. काय चुकलं?
– विद्यार्थी, शहापूर

उत्तर: क्रम चुकला. शाईपेनची आणि अनेक जेल पेनांची शाई पाण्याने पसरते. आधी कोरा कागद रंगवा. कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळून, गाळून, पूर्ण गार करा. कागद बुडवू नका. चपट्या ब्रशने एकच हात फिरवा, सावलीत सपाट वाळवा, मग सुती फडक्याखाली कोमट इस्त्री फिरवा. त्यानंतर लिहा. घड्या लिहून झाल्यावर घाला, आणि घडीच्या रेषेवरच हाताचा मळ लागू द्या, कागद तिथेच आधी झिजतो. अशा तीन प्रती एकाच दिवशी करा. दुसऱ्या दिवशीच्या चहाचा रंग जुळत नाही.