कामे भरपूर असूनही रंगकामाच्या धंद्यात शिल्लक का उरत नाही?

आपण चार कारागिरांना घेऊन घरांचे रंगकाम करता, कामे सतत मिळतात, तरीही हातात काही उरत नाही, म्हणून दुसरी टोळी उभी करावी का, असे आपण विचारले आहे. मीही याच धंद्यात आहे आणि माझे स्पष्ट मत आहे की एवढ्यात करू नये. ज्या अंदाजावर एका टोळीला तोटा होतो, त्याच अंदाजावर दोन टोळ्यांना दुप्पट होईल.

रंगाचा हिशोब सहसा चुकत नाही. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच खोलीत दारे-खिडक्या वजा करून भिंती व छत मिळून सुमारे 50 चौरस मीटर भरतात. गुळगुळीत भिंतीवर रंगाच्या एका हाताला, म्हणजे थराला, लिटरमागे 10 चौरस मीटर धरले, तर दोन हातांना 10 लिटर रंग लागतो. घोटाळा होतो तो खरवडणे, भेगा बुजवणे, पुट्टी, घासकाम आणि प्राइमर यांत, कारण तिथे माल थोडा लागतो आणि दिवस फार जातात, आणि क्षेत्रफळावर सरसकट एकच दर लावला की हे दिवस हिशोबात येतच नाहीत.

म्हणून दर सांगण्याआधी भिंत तपासा. कोरडा तळहात फिरवल्यावर भुकटी लागली, तर वरचा थर भुसभुशीत झालेला असतो. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटलेला असतो. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढल्यावर पापुद्रा निघाला, तर तो खरवडल्याशिवाय त्यावर नवा रंग टिकत नाही. ओल असेल, तर पाणी कुठून मुरते हे सापडेपर्यंत मी काम घेतच नाही, कारण पुढे पोपडे आले की ग्राहक रंगाऱ्यालाच जबाबदार धरतो. ही पाहणी खोलीनिहाय लिहून फोटोंसह कोटेशनला जोडा, पुट्टीचे व रंगाचे हात किती हे त्यातच नमूद करा, आणि वाढीव कामाचा दर लेखी मान्य झाल्याशिवाय त्याला सुरुवात करू नका.

खर्चावर 25 टक्के चढवले, तरी बिलाच्या रकमेत नफा 20 टक्केच असतो. त्यातही स्वतःची मजुरी आणि टचअपची फेरी खर्चात धरली नसेल, तर तोही हाती लागत नाही. मालाचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि बाकीचे टप्प्याटप्प्याने.

दुसऱ्या टोळीसाठी आधी मुकादम तयार करावा लागतो. आपल्या सर्वांत जाणत्या कारागिराला प्रत्येक पाहणीला सोबत न्या, त्याचा अंदाज वेगळा लिहून घ्या आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष लागलेल्या दिवसांशी ताडून पाहा. त्याचे अंदाज सलग काही कामांत जुळू लागले, की त्याची मजुरी वाढवून टोळी त्याच्या हाती द्या. पाहणीची अंतिम सही आणि वसुली मात्र स्वतःकडेच ठेवा.