श्रेढीतला ‘ढ’ आणि ‘व्येक’मधला एक

मुलुंडहून एका ताईंनी विचारलंय: “लेक दहावीला आहे, मराठी माध्यमात. तिच्या गणिताच्या पुस्तकात ‘अंकगणिती श्रेढी’ असं छापलंय. छापताना ‘श्रेणी’चं ‘श्रेढी’ झालं का? शिवाय ‘सामान्य फरक’ म्हणजे साधासुधा फरक का, असं ती विचारते. मला काही सांगता येईना.”

ताई, चूक नाही. तिथे ‘ढ’च हवा.

श्रेणी आणि श्रेढी एकाच घरातले शब्द आहेत. प्राकृतात श्रेणीला ‘सेढी’ म्हणतात. जैन ग्रंथांत साधकाच्या चढत्या अवस्थांना ‘खवगसेढी’ म्हटलंय, संस्कृतात तीच ‘क्षपकश्रेणी’. पुढे मराठीत दोघींनी कामं वाटून घेतली. वेतनश्रेणी, पर्वतश्रेणी, गुणपत्रिकेवरची ‘अ’ श्रेणी ही एकीकडे, आणि ठरावीक नियमाने चालणाऱ्या संख्यांची रांग दुसरीकडे. हिंदीतही हीच श्रेढी आहे, फक्त तिथे तिला ‘समांतर श्रेढ़ी’ म्हणतात. लेकीला लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगा: दोन पायऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं.

पुस्तकात ‘क्रमिका’ हाही शब्द येतो. क्रमिका म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्या. प्रत्येक श्रेढी ही क्रमिका असते, पण प्रत्येक क्रमिका श्रेढी नसते. जुलै २०१९ मध्ये बेस्टने भाडी उतरवली, तेव्हा अंतराच्या टप्प्यांप्रमाणे साध्या बसचं तिकीट ५, १०, १५, २० रुपये झालं आणि वातानुकूलित बसचं ६, १३, १९, २५. लेकीला प्रत्येक आकड्यातून त्याच्या आधीचा वजा करायला सांगा. पहिल्या ओळीत दर वेळी ५ येतात, म्हणून ती अंकगणिती श्रेढी. दुसऱ्या ओळीत ७, ६, ६ येतात. एका ७ने घोटाळा केला. ती नुसती क्रमिका.

आता ‘सामान्य’. लेकीची शंका मला मनापासून आवडली, कारण रोजच्या बोलण्यात सामान्य म्हणजे साधा, बेताचा. ‘सामान्य माणूस’ म्हणतो तसा. इथे मात्र शब्दाचा जुना अर्थ आहे: सगळ्यांमध्ये समान असलेला. चाळीतल्या सामाईक गॅलरीसारखा. कुठल्याही दोन शेजारच्या पदांमध्ये सापडणारा, सगळ्यांचा मिळून एकच फरक. माझं मत विचाराल तर ‘सामाईक फरक’ म्हटलं असतं तर ही शंका आलीच नसती. परीक्षेत मात्र तिने पुस्तकातलाच शब्द लिहावा.

याहून नेमका शब्द आपल्याकडे होता: ‘चय’. ‘संचय’मधला चय, म्हणजे भर. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५०च्या ग्रंथात, ‘श्रेढीव्यवहार’ नावाचं प्रकरणच आहे. पहिलं पद म्हणजे आदि किंवा मुख, फरक म्हणजे चय, शेवटचं पद म्हणजे अंत्यधन. एक खाचखळगा तेवढा सांभाळा: आपण ‘पद’ म्हणतो ते श्रेढीतल्या एका संख्येला; तिथे ‘पद’ म्हणजे एकूण किती संख्या घेतल्या ते. शेवटचं पद काढायची रीत भास्कराचार्य इतक्या थोडक्यात सांगतात: ‘व्येकपदघ्नचयो मुखयुक् स्यादन्त्यधनम्’. व्येक म्हणजे एक वजा केलेलं. पदांच्या संख्येतून एक वजा करा, चयाने गुणा, मुख मिळवा. लेकीच्या पुस्तकातलं सूत्र हेच आहे, अक्षरं तेवढी बदलली.

आणि मुलं हमखास चुकतात ती या ‘व्येक’पाशीच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाला मी गणित घातलं: पहिल्या महिन्यात २०० रुपये शिल्लक टाकले, पुढे दर महिन्याला आधीच्यापेक्षा ५० जास्त, बाराव्या महिन्यात किती? त्याने झटकन लिहिलं, २०० + १२ × ५० = ८००. मी म्हटलं, चर्चगेटपासून धीम्या गाडीची स्टेशनं मोज. त्याने बोटांवर मोजली: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. दादर नववं. मग चर्चगेटहून दादरला पोचेपर्यंत गाडीने टप्पे किती कापले? तो थांबला आणि म्हणाला, “आठ.” मग वहीत १२ खोडून ११ केले: २०० + ११ × ५० = ७५०. पहिल्या महिन्यात वाढ झालेलीच नसते, जशी चर्चगेटला गाडी अजून हललेली नसते.

उलट विचारलं तर तोच एक परत मिळवायचा. १००० रुपये कितव्या महिन्यात? १००० मधून २०० गेले, ८०० राहिले. ५०ने भागून १६ टप्पे. म्हणून सतरावा महिना. आणि ९७५ कधी? ७७५ला ५०ने नि:शेष भाग जात नाही, म्हणजे ९७५ हे या श्रेढीचं पदच नाही.

लिहिताना रूपं अशी: श्रेढीचे दहावे पद, दोन श्रेढ्या, श्रेढीत. ‘श्रेडी’ नको.