पहिला गणपती, दोन घरं आणि तुझं वेळापत्रक

अरे,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. आई काय म्हणते ते कळलं, नागपूरच्या सासूबाई काय म्हणतात ते कळलं, ऑफिस किती रजा देतंय, कोणत्या दिवशी विजयदुर्ग, कोणत्या दिवशी मालवण, जमलं तर ताडोबा, सगळं कळलं. फक्त तुझी बायको काय म्हणते ते त्यात कुठेच नाहीये. एवढ्या मेसेजमध्ये तिचं नाव फक्त तिकिटाच्या ओळीत आलंय, बर्थ लोअर पाहिजे म्हणून.

आता तू म्हणशील काकू लगेच सुरू झाल्या. झाले. कारण तुझा प्रश्न मुळात गणपतीचा नाहीच, तारखा कोण ठरवणार याचा आहे. आणि त्याला माझं एकच उत्तर आहे, तारखा आधी दोघांनी ठरवायच्या, मग घरी सांगायच्या. तू उलटं करतोयस, आधी दोन्ही घरांना विचारतोयस आणि मग उरलेल्या दिवसांत बायकोला बसवतोयस.

अडचण खरी आहे, मान्य. तुमच्याकडे राजापुरात तेरड्याची गौर, नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीला सुपं वाहायची, अख्खी वाडी बघायला येणार. तिच्या माहेरी उभ्या महालक्ष्म्या, मुखवटे, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती घरात नसणार. दोन्हीकडे दिवस तेच. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन, हे राजापूरला एक आणि नागपूरला दुसरं असं होत नाही. म्हणजे पूजनाच्या दिवशी ती एकाच ठिकाणी असणार. तू कितीही एक्सेल शीट केलीस तरी एकाच ठिकाणी. मग कुठे ते तिला विचार ना! कदाचित तिला कोकणातलाच गणपती बघायचा असेल, गणपतीवरच्या लाकडी माटवीला टांगलेली ती कवंडळाची रानफळं न् नारळ, रात्रीची भजनं, घरोघरी फिरणाऱ्या आरत्या, तिने हे कधी पाहिलेलंच नाही. कदाचित तिला आईच्या हाताखाली सोळा भाज्या चिरायच्या असतील. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, हाच तर घोळ आहे.

माझं सांगते. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर लांज्याजवळ. आमच्या वेळी कोणी विचारायचंच नाही, गौर आली की सून सासरी, संपलं. ह्यांना सुट्टी मिळायची, आम्ही एसटीने रात्रभर धक्के खात यायचो, उतरल्यापासून मी चुलीपाशी आणि हे पडवीत गप्पा मारायला. परत जाताना प्रत्येक वेळी ठरायचं की पुढच्या वर्षी दोघंच दोन दिवस कुठेतरी जाऊ, आणि पुढच्या वर्षी परत कोणाचं तरी बारसं, कोणाची तरी मुंज, कोणीतरी मुंबईहून आलेलं. माझ्या आईने मांडलेल्या गौरी मी लग्नानंतर एकदाही पाहिल्या नाहीत. आई गेली, त्यानंतर मी उभी राहिले आणि म्हटलं, एक वर्ष सासर, एक वर्ष माहेर. पहिल्यांदा गेले ती भावाकडच्या गौरीला. वहिनीने छान केलं होतं सगळं. पण ते आईचं नव्हतं.

सासूबाई वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. जावेने गावभर सांगितलं की शहरात राहून शिष्ट झाली. होऊ दे! मी ते आलटून पालटून शेवटपर्यंत सोडलं नाही आणि आज माझ्या सुनेला कोणी विचारत नाही की यंदा कुठे, कारण तिला माहीत असतं आणि घरालाही माहीत असतं. लोक म्हणतात मी घर तोडलं, मी म्हणते घराला सवय लावली. असो, माझी वकिली मी पुरेशी केली.

आता तुझ्या फिरण्याचं. रागावू नकोस पण ते तू मोबाईलवरचे फोटो बघून ठरवलंयस. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, पावसाळ्यात 30 सप्टेंबरपर्यंत बंद असतो, म्हणजे ते गेलं. मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्यात जायला होडी लागते, ती समुद्राच्या मूडवर, सप्टेंबरच्या मध्यात चालू असेल की नाही ते त्या आठवड्यात तिथल्याच माणसाला फोन करून विचारायचं. किल्ला काही पळून जात नाही, 1664 पासून तिथेच आहे. विजयदुर्गला मात्र थेट गाडी जाते, आणि गेल्या वर्षी युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, तो कर. पावसात मार्लेश्वरचा धबधबा बघ, रत्नागिरीत थिबा पॅलेस बघ, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच गेला, त्याच्या खिडकीतून खाडी दिसते. हे दोन दिवसांत होतं. पण ते दोन दिवस दोघांचेच पाहिजेत. आत्या, आत्याची मुलं, "गाडीत जागा आहे ना" म्हणत चढलेला शेजारचा बंड्या, हे सगळं घेऊन विजयदुर्ग होत नाही, पिकनिक होते.

आणि हे दोन दिवस सण संपल्यावर ठेव, मध्ये नको. मध्ये ठेवलेस की बाप्पा घरात असताना कुठे निघालात म्हणून आई रुसणार, आणि खरं सांगू, तिचं चुकत नाही. पाच दिवस त्या घरात राबायचं असतं, तुला पण. ओट्यापाशी उभा राहा. मोदकाला कळ्या पाडता येत नसतील तर नारळ खव. नवी सून एकटी स्वयंपाकघरात आणि मुलगा पडवीत, हे मी पाहिलंय, मला ते परत बघायचं नाही.

ताडोबाचं म्हणशील तर पहिला दिवाळसण आहे ना, नागपूरला जाणारच आहेस. 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, तेव्हा जंगल उघडलेलं असतं, मंगळवार तेवढा सोड. सासऱ्यांना समृद्धी महामार्गाने ये म्हणायची फार हौस, 701 किलोमीटर झालेत पूर्ण, पण तू राजापूरहून थेट गाडी मारून पूजनाला नागपूर गाठायचं म्हणतोयस ते विसर. आधी तो मुंबई-गोवा हायवे, गणपतीच्या गर्दीत, मग वर रात्रभर समृद्धी! दोन्ही घरांना खूश करायच्या नादात बायकोला गाडीत झोपवून न्यायचं आणि गाडीतच परत आणायचं, ह्याला सुट्टी म्हणत नाहीत रे.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. गणपतीच्या आधीच्या शनिवारचं तिकीट जुलैच्या मध्यात सकाळी आठला उघडेल आणि चहा गाळेपर्यंत वेटिंग लागेल. स्पेशल गाड्या सोडतात नंतर, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. म्हणजे तुझ्याकडे ठरवायला फार वेळ नाहीये. परतीची तारीखही तेव्हाच काढ, आणि घरी जायच्या आधी फोनवर सांग, तिथे जेवायला बसल्यावर नाही. जेवताना सांगितलं की रडारड होते. दोघांनी एकाच फोनवर सांगा, स्पीकर लावून, म्हणजे नंतर "तिनेच सांगितलं असेल" हे वाक्य कोणाला म्हणता येत नाही. हे मी अनुभवाने सांगतेय, ते वाक्य माझ्या नावावर खूप वर्षं होतं.

आईला वाईट वाटेल. वाटू दे थोडं. तिला तारीख आधी कळली तर चार दिवस फुगेल आणि मग त्या तारखेला धरून मोदकांचं पीठ काढेल. तिला राग तुझ्या जाण्याचा नाही येत, शेवटच्या क्षणी कळण्याचा येतो. निदान माझ्या सासूबाईंचं तसंच होतं, हे मला खूप उशिरा उमगलं.

तर आज रात्री तिच्याशी बोल. एक्सेल बंद करून. आणि आईला तूच फोन कर असं मला मुळीच म्हणू नकोस, मी करणार नाही.

तुझी,
काकू