वाचक विचारतात: समुद्र एकच, मग धोका वेगळा कसा?

प्रश्न: आमच्या कोळीवाड्यात मध्यंतरी कॉलेजची पोरं सर्व्हेला आली होती. घर पत्र्याचं की स्लॅबचं, म्हातारं कोण आहे, बचत गट आहे का, कर्ज किती, असलं सगळं विचारत बसली. वादळाचा धोका मोजायचाय म्हणे. वादळाला आमच्या कर्जाचं काय पडलंय? आणि बाजूच्या टॉवरसमोर पण तोच समुद्र आहे की!
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर: ताई, दारात येऊन कोणी कर्ज विचारलं की डोकं फिरणारच, पण पोरांचं चुकलेलं नाही. किनाऱ्याचा धोका मोजायचा एक नकाशा आधीपासून आहे, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचा. त्यात सात गोष्टी बघतात: किनारा किती झिजतोय, समुद्राची पातळी, जमिनीची उंची, उतार, लाटा, भरती-ओहोटीतला फरक आणि किनारा खडकाळ की वाळूचा. त्यात माणूस कुठेच नाही, म्हणजे त्या नकाशात तुम्ही आणि टॉवरवाले एकाच रंगात.

आता मे 2021 चं तौक्ते वादळ आठवा. ते धडकलं गुजरातला, तरी कुलाब्याला वारा ताशी 114 किमीपर्यंत गेला. टॉवरमध्ये काच फुटली तर सोसायटी बघून घेते, पण ज्याची होडी फुटली त्याचं काय? त्यात 1 जूनपासून मासेमारी बंदी, म्हणजे दुरुस्तीला पैसा लागणार तेव्हाच कमाई बंद, मग सावकार आलाच. आधीचं कर्ज असेल तर नवीन कोण देणार, म्हणून तो प्रश्न. वादळ किती मोठं हे एक, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे हे दुसरं, आणि त्यातून उठायला कोणाला किती दिवस लागतात हे तिसरं, तिन्ही धरल्याशिवाय हिशोब लागत नाही.

माझं मत विचाराल तर अशा सर्व्हेत घराचं फार विचारतात आणि धंद्याचं कमी. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घातलेले बोंबील पावसात भिजले की सडतात, जाळी आणि बर्फाच्या पेट्या किनाऱ्यावरच असतात, आणि हा माल घराच्या नुकसानीच्या पंचनाम्यात सहसा धरत नाहीत. पोरं परत आली तर हे स्वतःहून लिहून घ्यायला लावा, आणि सर्व्हेचा रिपोर्ट कोणाकडे जाणार तेही विचारा, तो तुम्हाला बघायला मिळालाच पाहिजे.

प्रश्न: "आज 4.8 मीटरच्या लाटा" असं बातम्यांत ऐकलं की धडकी भरते. ऑफिसला जायचं की नाही?
– एक वाचक, दादर

उत्तर: लाटा नाही हो, भरती! चॅनलवाले दरवर्षी हाच घोळ घालतात. 4.8 मीटर म्हणजे समुद्राच्या पाण्याची उंची, ती पण अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासच्या खुणेपासून मोजलेली, रस्त्यावर तेवढं पाणी येणार असं नाही. भरती एकटी असेल तर फार काही होत नाही. गडबड होते ती जोराचा पाऊस त्याच वेळी आला की, कारण समुद्र चढलेला असताना नाल्यांचं पाणी बाहेर जात नाही, पंप लावून फेकावं लागतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला, त्यात भरती, तेव्हा काय झालं ते दादरकरांना मी काय सांगणार. तर पावसाळ्यात 4.5 मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पालिका आधीच जाहीर करते, त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी सकाळपासून धो धो चालू असेल तर भरतीच्या दोन तास आधी घरी पोचा, नाहीतर ओहोटी लागेपर्यंत ऑफिसातच थांबा. अडकलात तर पालिकेचा नंबर 1916.